उतार लागण्याआधी

घाट उतरताना गाडी कोणत्या गिअरमध्ये असावी, हा प्रश्न मला आयुष्याची पहिली तीस वर्षे पडलाच नव्हता. ज्या दिवशी पडला, त्या दिवशी उत्तर शोधायला वेळ नव्हता.

मे १९९९ मधली गोष्ट. मामेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. नुकतीच घेतलेली सेकंडहँड मोटार. मागे अम्मी, शेजारी बायको, तिच्या मांडीवर आमची दीड वर्षांची मुलगी, आणि डिकीत मावेल तेवढा आहेर. कोयनानगर, हेळवाक मागे पडले आणि कुंभार्ली घाटाचा उतार सुरू झाला. गाडी आपसूक पळते आहे तर पेट्रोल का जाळायचे, या हिशोबाने मी गिअर न्यूट्रलला टाकला. कोणीतरी तशी युक्ती सांगितली होती. ब्रेकवर हलकासा पाय ठेवून एकेक वळण घेत निघालो. गाडी इतकी शांत चालली होती की अम्मीचा डोळा लागला.

चार-पाच किलोमीटरनंतर जळका वास येऊ लागला. मला वाटले, पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला. पुढच्या वेळी आणखी खोल. गाडी हळू होईना. मी घाबरून गिअर टाकायला गेलो, तो कर्रकर्र करून बाहेर फेकला गेला. दुसऱ्या झटक्यात कसाबसा सेकंड पडला, क्लच तसाच सोडला, गाडीने मोठा हिसका खाल्ला, आणि मी ती डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीच्या बाजूला नव्हे, एवढेच काय ते डोके चालले. एक चाक गटारात, पुढचा दिवा फुटलेला, मुलगी रडते आहे, आणि चाकांतून धूर.

मागून येणारा एक ट्रक थांबला. चालक खाली उतरला, त्याने आधी चाकाला दगड लावला आणि मग माझ्याकडे पाहिले. मी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघालो होतो. तो म्हणाला, "पाव्हणं, पाणी नका मारू, तडकंल ते. अर्धा तास बसा गप." त्याचे म्हणणे खरे होते. लालबुंद तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडले तर ते तडकू शकते. जाताना तो एक वाक्य बोलला, जे महाराष्ट्रातल्या घाटांत बहुधा प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ठाऊक असते : "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा."

माझे मामू एस.टी.त ड्रायव्हर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. लग्नघरात मी हा प्रसंग जरा रंगवून सांगितला. ब्रेक ऐनवेळी दगा देतात, असे काहीसे म्हणालो. मामूंनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बेटा, ब्रेकनं दगा नाही दिला. तू त्याला त्याचं नसलेलं काम दिलंस. ब्रेक थांबायला असतो. उतरायला गिअर असतो." तिसऱ्या दिवशी ब्रेक दुरुस्त करून त्यांनी मला त्याच घाटात नेले आणि अर्धा दिवस चढ-उतार करायला लावला. त्या दिवशी मी जे शिकलो ते, आणि त्यामागचे शास्त्र जे पुढे वाचून समजले ते, आज सांगतो आहे. मी मेकॅनिक नाही. गटारात गाडी घातलेला एक माणूस आहे.

आधी ब्रेकचे काय होते ते पाहू. आपण ब्रेक दाबतो तेव्हा गाडीचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. लायनर किंवा पॅड फिरत्या ड्रमवर वा डिस्कवर घासतात आणि ते लोखंड तापते. सपाट रस्त्यावर एकदा ब्रेक लावला, ते तापले, पुढच्या दोन किलोमीटरमध्ये वाऱ्याने गार झाले. घाटात ही उसंत मिळत नाही. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. माणसांसह गाडीचे वजन ११०० किलो धरले, तर या उतरण्यातून एवढी ऊर्जा मोकळी होते की तिच्यावर सुमारे १७ लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे अंघोळीची एक बादली. सगळा घाट ब्रेकवर उतरायचा म्हणजे ही बादली चार चाकांतल्या थोड्याशा लोखंडावर उकळवायची.

एका मर्यादेपलीकडे तापले की लायनरची पकड कमी होते. पाय जोरात दाबला तरी चाक धरले जात नाही. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. नेहमीच्या डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलाची किमान मर्यादा मात्र १४० अंशच आहे. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, म्हणून तर ते पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचवते. वाफ मात्र दाबली जाते. पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांतच मुरतो आणि पेडल स्पंजासारखे खोल जाते. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. जुन्या गाडीचे तेल कधी बदलले होते हे मी विचारलेही नव्हते. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे.

मग गिअर काय करतो? चालत्या गाडीत क्लच सोडलेला असतो तेव्हा इंजिन आणि चाके एकमेकांना बांधलेली असतात. आपण रेस देतो तेव्हा इंजिन चाकांना फिरवते. रेस सोडली की उलटे होते, चाके इंजिनला फिरवू लागतात. आणि इंजिनला असे फिरवणे सोपे नसते. पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद झालेली असते. चिंचोळ्या नळीतून घट्ट सरबत ओढताना गाल आत जातात, तसे इंजिनचे सिलिंडर ती हवा ओढण्यासाठी झगडतात. शिवाय आतल्या भागांचे घर्षण असतेच. या ओढीने गाडीला लगाम बसतो. यालाच इंजिन ब्रेक म्हणतात. यातही उष्णता होते, पण तिच्या बंदोबस्तासाठी इंजिनला मुळातच रेडिएटर, तेल आणि पंखा दिलेला असतो.

हा लगाम किती घट्ट, ते गिअर ठरवतो. पाचव्या गिअरमध्ये चाके इंजिनला सावकाश फिरवतात, म्हणून लगाम सैल. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन साधारण अडीचपट फिरते, म्हणून ओढही कितीतरी जास्त. गिअर जितका खालचा, तितका लगाम घट्ट. आणि न्यूट्रल म्हणजे लगामच काढून टाकलेला घोडा. क्लच दाबून ठेवला तरी तेच. वळणावर घाबरून क्लच दाबणारे पुष्कळ असतात. नेमक्या गरजेच्या वेळी आपण इंजिनचा हात सोडतो आहोत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता प्रत्यक्ष गिअर खाली घेण्याची रीत. मामूंचा पहिला धडा असा : गिअर उतारावर बदलायचा नाही, उतार लागण्याआधी बदलायचा. घाट सुरू होतो अशी पाटी दिसली की तिथेच, सपाटीवर, ब्रेकने गाडी हळू करायची आणि मग गिअर खाली घ्यायचा. आधी वेग, मग गिअर. हा क्रम उलटा करू नये. ताशी ८० ने जाणारी गाडी सेकंडमध्ये टाकून हळू करायला जाल, तर इंजिनला त्याच्या ताकदीबाहेर फिरावे लागेल, आणि एवढ्यावरून इंजिन निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. साध्या लहान मोटारीत तिसरा गिअर साधारण ताशी ३० ते ५५ आणि दुसरा २० ते ४० या वेगांना बरा पडतो. आपल्या गाडीचे आकडे तिच्या माहितीपुस्तकात पाहावेत.

गाडी चौथ्यात आहे आणि तिसऱ्यात यायचे आहे, असे समजा. पुरेशी हळू झाल्यावर ब्रेकवरचा पाय काढा. क्लच पूर्ण दाबा, अर्धवट नको. कांडी चौथ्यातून न्यूट्रलला आणा आणि न ढकलता, बोटांनी वाट दाखवावी तशी तिसऱ्यात घाला. आणि क्लच सोडण्याआधी, तो दाबलेला असतानाच, किंचित रेस द्या. मग क्लच सावकाश वर येऊ द्या.

ही किंचित रेस कशासाठी? चौथ्यात इंजिनचे मिनिटाला २००० फेरे होत असतील, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते साधारण २६०० ते २७०० व्हायला हवेत. आपण क्लच दाबतो तेव्हा तर ते आणखी मंदावते. तसाच क्लच सोडला तर इंजिनला वर खेचण्याचे काम चाकांवर पडते. तोच तो हिसका. कोरड्या रस्त्यावर प्रवाशांच्या माना हलतात, क्लच प्लेट झिजते. पावसाळ्यात ओल्या घाटात, शेवाळलेल्या वळणावर, त्या हिसक्याने चाक घसरूही शकते. रेस देऊन आपण इंजिनला आधीच त्या वेगाला आणतो. बरोबर जमले की गिअर बदलल्याचे मागे बसलेल्याला कळतही नाही, फक्त इंजिनचा आवाज एक सूर वर जातो. मामू मला सांगत, "काट्याकडं बघू नको, कान दे." आठवडाभराच्या सरावाने कान तयार होतो.

मामूंच्या पिढीला हे कानावरच करावे लागे. त्यांच्या सुरुवातीच्या बसगाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये वेग जुळवून देणारी सोय नव्हती. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर, असा दुहेरी खेळ करावा लागे. यालाच ते डबल क्लच म्हणत. रेस चुकली की गिअर पडत नसे, आणि भर उतारावर न पडलेला गिअर म्हणजे पन्नास माणसांच्या जिवाशी गाठ. म्हणून तर उतार लागण्याआधी बदलायचा नियम इतका पक्का झाला. मोटारींसाठी सिंक्रोमेश ही सोय १९२८ मध्ये कॅडिलॅकने प्रथम आणली. तिच्यातली लहान पितळी रिंग दोन दात्यांचा वेग जुळवते आणि मगच त्यांना एकमेकांत जाऊ देते. हाताने गिअर बदलायच्या आजच्या मोटारींत ती असते, म्हणून डबल क्लचची गरज उरली नाही. पण ती रिंग गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवते, इंजिनचा नाही. तो जुळवायचा तर रेस आपल्यालाच द्यावी लागते.

"ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे" हा नियम जन्मला तेव्हा गाड्यांची ताकद बेताची होती. घाट चढायला सेकंडच लागे, आणि उतरायलाही तोच योग्य असे. आजच्या कित्येक गाड्या तिसऱ्या-चौथ्यात घाट सहज चढतात. म्हणून आज या नियमाला एक पुरवणी जोडावी लागते : निवडलेल्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरून काढला आणि तरी गाडीचा वेग वाढतच राहिला, तर आणखी एक गिअर खाली या. वेग स्थिर राहिला की गिअर बरोबर. वळणापूर्वी ब्रेक लागेल तेव्हा जरूर लावा, पण थोडा वेळ, ठाम दाबून, आणि मग पूर्ण सोडून. सारखा पाय टेकवून ठेवण्याने ते तापतात. दाबून सोडल्याने मधल्या वेळात गार होतात. आणखी एक ध्यानात ठेवावे. नुसत्या गिअरने गाडी हळू होते तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. मागे कोणी चिकटून येत असेल तर ब्रेकला हलकेच टेकून त्याला इशारा द्यावा.

याचा अर्थ शहरातल्या प्रत्येक सिग्नलला पाचव्यापासून एकेक गिअर उतरत यावे असा नाही. सपाटीवर थांबायचे तर ब्रेकच वापरावा. ब्रेकचे लायनर क्लच प्लेटपेक्षा स्वस्त असतात. चढावर मात्र गिअर वेळेवर खाली घ्यावा. इंजिन धडधडू लागले, रेस देऊनही गाडी उचलेना, म्हणजे उशीर झाला. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, कारण तिला एकदा थांबल्यावर पुन्हा उचलणे कठीण असते.

आता पेट्रोलच्या हिशोबाकडे येऊ, कारण न्यूट्रलचा मोह त्यातूनच होतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत न्यूट्रलने थोडी बचत होत असेल. माझ्या त्या घाटात ती फार तर दोन कप चहाएवढी झाली असती. त्यापायी चार जीव पणाला लावले होते. आणि इंधन सुईने फवारणाऱ्या आजच्या गाड्यांत हा हिशोबही उलटा झाला आहे. गिअर टाकलेला असताना रेसवरचा पाय पूर्ण काढला की गाडीचा संगणक इंधन बंद करतो. इंजिन फिरत राहते ते चाकांच्या जोरावर. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे गिअरमध्ये उतरणारी गाडी सुरक्षितही असते आणि काटकसरीही.

काहीजण त्यापुढे जाऊन इंजिनच बंद करतात. हे सर्वांत घातक. ब्रेकला मदत करणारी यंत्रणा इंजिनच्या जोरावर चालते. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला की ती मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. किल्ली काढली तर स्टिअरिंग कुलूपबंदही होऊ शकते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर नवले पुलाजवळ, एका अवजड वाहनाने एकामागून एक सुमारे ४८ वाहनांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. तो उतार कुंभार्लीसारखा नागमोडी घाटही नाही. सरळ, रुंद, फसवा उतार आहे. जिथे उतार जाणवत नाही, तिथे गिअरची आठवणही राहत नाही.

अवजड गाड्यांना एअर ब्रेक असतात. तिथे सारखे पंप केल्याने टाकीतली हवा कमी होत जाते. डिझेल इंजिनात हवेची वाट पेट्रोलसारखी बंद होत नसल्याने त्याचा नुसता लगाम तुलनेने सैल असतो. म्हणून ट्रक-बसना एक्झॉस्ट ब्रेक देतात. तो धुराची वाट अडवून इंजिनची ओढ वाढवतो. पण तोही गिअर टाकलेला असेल तरच चालतो. न्यूट्रलमध्ये सगळेच व्यर्थ.

इतके करूनही ब्रेक गेलेच तर? इंजिन बंद करू नका. मोटारीचे पेडल भराभर पंप करून पाहा, तेलाचा थोडा दाब परत येऊ शकतो. एकेक गिअर खाली घ्या. हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम ओढलात तर मागची चाके घसरतील. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. आणि थांबण्यासाठी डोंगराची बाजू निवडा. गाडीचा पत्रा पुन्हा ठोकून घेता येतो.

आता ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत. त्यांतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते, कुठे एल लिहिलेले असते, कुठे उणे चिन्ह. ती कशी वापरायची हे घाटाच्या तोंडाशी नव्हे, घरी अंगणात पाहून ठेवावे. विजेच्या गाड्यांत मोटारच उलटी चालून बॅटरी भरते आणि लगाम घालते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर हा लगाम सैल पडू शकतो, हेही माहीत असावे. यंत्र बदलले तरी ती बादलीभर उष्णता कुठे ना कुठे जायचीच आहे.

मामू आता नाहीत. आईच्या मांडीवर बसून त्या दिवशी रडणारी मुलगी पुण्याला नोकरी करते आणि स्वतः गाडी चालवत चिपळूणला जाते. तिला शिकवताना मी बाकी काही फारसे सांगितले नाही, एवढेच सांगितले की उतार दिसण्याआधी ठरव. गेल्या पावसाळ्यात तिच्या शेजारी बसून मी कुंभार्ली उतरलो. धुके होते, कड्यांवरून पाणी वाहत होते. घाटाची पाटी आली, तिने गाडी हळू केली, इंजिनचा आवाज एक सूर वर गेला, आणि हिसका काही जाणवला नाही. ज्या वळणावर आम्ही गटारात गेलो होतो, तिथे ती म्हणाली, "अब्बा, तुमचा पाय का हलतोय?"

मी खाली पाहिले. माझा उजवा पाय, जिथे काहीच नव्हते तिथे, ब्रेक दाबत होता.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)